जुनी स्पोर्ट्स कार्डं ऑनलाइन घेताय? पैसे देण्याआधी हे तपासा

खेळाडूचं चित्र छापलेलं जुनं संग्राह्य कार्ड ऑनलाइन घेताना आपल्यासमोर कार्ड नसतं, कार्डाचे फोटो असतात. फसवणुकीला वाव मिळतो तो इथेच. हातात घेतल्यावर दोन मिनिटांत संशय यावा असा कागद चांगल्या उजेडातल्या फोटोत अस्सल वाटतो. १९५२ चा बेसबॉलपटू मिकी मँटल, १९७९ चा हॉकीपटू वेन ग्रेट्झकी, १९८६ चा बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन अशा कार्डांची नावं ऐकून या छंदात उतरणारे बरेच जण पहिली मोठी खरेदी घाईत करतात आणि तिथेच हात पोळून घेतात.

खोट्या कार्डांच्या खुणा पाठ करत बसण्यापेक्षा खरी कार्डं हाताळा, असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो. बनावट माल करणारे दरवर्षी सुधारतात, त्यामुळे गेल्या वर्षीची खूण यंदा उपयोगी पडेलच असं नाही. १९५२ मध्ये छापलेलं कार्ड मात्र आता बदलणार नाही. त्याचा कागद, त्याची शाई, त्याचं माप एकदा डोळ्यांत बसलं की चुकीचं कार्ड आपसूक खटकतं. खालच्या बहुतेक पायऱ्या याच पायावर उभ्या आहेत.

फसवणुकीचे प्रकार ढोबळमानाने पाच. पूर्ण बनावट कार्ड. कंपनीनेच नंतर काढलेलं पुनर्मुद्रण मूळ म्हणून खपवणं. खरं पण कापून, रंगवून सुधारलेलं कार्ड. खोटा किंवा उघडून पुन्हा बंद केलेला स्लॅब, म्हणजे कार्ड तपासून दर्जा (ग्रेड) देणाऱ्या कंपनीने ते सीलबंद केलेली प्लास्टिकची डबी. आणि विक्रेत्याकडे कार्डच नसलेली जाहिरात. प्रत्येकाची तपासणी वेगळी असते. एका परीक्षेत पास झालेलं कार्ड बाकीच्यांतही पास होईल असं धरून चालू नका.

हाताशी काय असावं

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग. जमल्यास तीस पटीचंही.
- मिलिमीटरची पट्टी. डिजिटल कॅलिपर असेल तर उत्तम, फक्त कार्डाच्या कडा त्यात दाबू नका.
- छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणि एक साधा टॉर्च.
- ज्या सेटमधलं कार्ड घ्यायचंय त्याच सेटमधलं एखादं स्वस्त, अस्सल कॉमन कार्ड.
- कागदपत्रांची एक फाइल: जाहिरातीचे स्क्रीनशॉट, विक्रेत्याशी झालेला सगळा संवाद, पैसे दिल्याची पावती, ट्रॅकिंग क्रमांक, स्लॅब असेल तर त्याचा प्रमाणपत्र क्रमांक.

या यादीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कॉमन कार्ड. फारसं नाव नसलेल्या खेळाडूचं, कोपरे झिजलेलं, कमी किमतीचं. त्याची नक्कल करण्यात कुणाला फायदा नसतो, म्हणून ते खरं असण्याची शक्यता खूप जास्त असते. कागदाची जाडी, मागच्या बाजूचा रंग, छपाईचे ठिपके हे सगळं त्याच्याशी ताडून पाहता येतं.

१. आधी कार्डाचा अभ्यास, मग विक्रेत्याचा शोध

हवं ते कार्ड कुणी छापलं, कोणत्या वर्षी, क्रमांक किती, माप किती, मागच्या बाजूला काय आहे, हे जाहिरात उघडण्याआधी लिहून काढा. मापावरूनच कितीतरी नकला बाद होतात. टॉप्स या अमेरिकन कार्ड कंपनीने १९५७ पासून बेसबॉल कार्डांना जे माप ठेवलं ते साधारण ६४ × ८९ मिमी, आणि आज तेच सर्वसाधारण माप समजलं जातं. पण १९५२ चं टॉप्स कार्ड त्याहून मोठं, सुमारे ६७ × ९५ मिमी. टॉप्सने १९८३ मध्ये १९५२ च्या सेटचं अधिकृत पुनर्मुद्रण काढलं ते मात्र नेहमीच्या छोट्या मापात, आणि मागच्या बाजूला तसा उल्लेखही छापला. हीच कार्डं मागची बाजू न दाखवता ‘मँटल १९५२’ म्हणून विकायला ठेवली जातात. अमेरिकन टोबॅकोच्या सिगारेट पाकिटांतून १९०९ ते १९११ मध्ये आलेली टी २०६ मालिका तर आणखी चिमुकली, जेमतेम ३७ × ६७ मिमी.

कार्डाचा इतिहासही माहीत असू द्या. मँटलचं ते कार्ड ३११ क्रमांकाचं, म्हणजे ४०७ कार्डांच्या सेटमधल्या शेवटच्या मालिकेतलं पहिलं. ही मालिका हंगामाच्या शेवटी बाजारात आली आणि फारशी खपली नाही. उरलेला साठा १९६० मध्ये समुद्रात टाकून दिला, असं टॉप्सचे साय बर्गर सांगत. त्यामुळे एकाच माणसाकडे ‘माळ्यावर सापडलेली’ तीन-चार मँटल कार्डं निघाली तर तिथून पाय काढता घ्या. याच कार्डाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते छपाईच्या तावावर दोनदा बसवलेलं होतं, म्हणून त्याच्या बारीक फरकाच्या दोन आवृत्त्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. एकच नमुना पाहून ‘हे वेगळं दिसतंय, खोटंच असणार’ असा निकाल देऊ नका.

२. जाहिरातीतला शब्द न् शब्द वाचा

बरेच विक्रेते सरळ खोटं लिहीत नाहीत. खरं काय ते वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटेल अशा जागी लिहितात. शीर्षकात खेळाडू आणि वर्ष ठळक, तर वर्णनाच्या तळाशी ‘आरपी’ ही दोन अक्षरं. आरपी म्हणजे रीप्रिंट. ‘नॉव्हेल्टी’, ‘फॅक्सिमिली’, ‘आर्ट कार्ड’, ‘एसीईओ’ हे शब्द दिसले की ते मूळ कार्ड नाही असंच समजा. अशी जाहिरात कायद्याच्या दृष्टीने सुटू शकते आणि तक्रार केलीत तर विक्रेता त्याच ओळीकडे बोट दाखवतो.

दुसरा प्रकार भावनेला हात घालणारा. आजोबांच्या पेटीत मिळालं, मला कार्डांतलं काही कळत नाही, खरं-खोटं तुम्हीच ठरवा, परत घेणार नाही. ही चार वाक्यं एकत्र आली की मी ती जाहिरात बंद करतो. आजोबांची पेटी खरी असेलही, पण विक्रेत्याने सगळी जबाबदारी आपल्या गळ्यात टाकलेली असते. शिवाय ज्याला ‘काही कळत नाही’ तो नेमकं सर्वांत महाग कार्ड बरोबर ओळखतो आणि त्याची किंमतही बाजाराच्या जरा खालीच लावतो, हे जुळत नाही.

३. फोटो मागून घ्या

जाहिरातीतल्या फोटोंवर समाधान मानू नका. हे मागा: पुढची आणि मागची बाजू सरळ वरून, चारही कोपरे जवळून, कार्ड तिरपं धरून पृष्ठभागावर उजेड पडलेला फोटो, शेजारी पट्टी ठेवलेला फोटो, आणि एक फोटो ज्यात कार्डाजवळ आजची तारीख व विक्रेत्याचं खातेनाव हाताने लिहिलेली चिठ्ठी असेल. या शेवटच्या फोटोने कार्ड खरोखर त्याच्याकडे आहे का, ते कळतं.

तिरप्या उजेडातला फोटो न चुकता मागा. सुरकुत्या, दाबून सपाट केलेल्या घड्या, नंतर लावलेला रंग, पुसलेली पेन्सिल या गोष्टी सरळ फोटोत दिसत नाहीत, तिरप्या उजेडात दिसतात.

मग जाहिरातीतला फोटो गूगल लेन्ससारख्या साधनात टाकून तोच फोटो आणखी कुठे वापरलाय का ते पाहा. जुन्या लिलावातला फोटो उचलून नवी जाहिरात करणं ही नेहमीची चाल आहे. जुन्या कार्डावर छपाईतला एखादा ठिपका, कोपऱ्याची विशिष्ट झीज, कमीजास्त रुंदीच्या किनारी अशा खुणा असतातच आणि त्या दोन कार्डांवर सारख्या नसतात. दोन फोटोंत झीज तंतोतंत सारखी दिसली तर ते एकच कार्ड आहे, आणि ते दोन विक्रेत्यांकडे एकाच वेळी असू शकत नाही.

फोटो द्यायला टाळाटाळ झाली, कॅमेरा बिघडलाय, वेळ नाही, दुसरा गिऱ्हाईक थांबलाय, अशी उत्तरं आली तर सोडून द्या.

४. भिंगाखाली छपाई बघायला शिका

यावर वेळ घालवा, कारण इथे कमावलेली नजर कायमची कामी येते. जुन्या ऑफसेट छपाईत खेळाडूचं चित्र रंगीत ठिपक्यांच्या जाळीतून तयार होतं. नाव, क्रमांक, चौकटीच्या रेघा हा काळा मजकूर मात्र सहसा वेगळ्या प्लेटने, सलग शाईत छापलेला असतो. त्यामुळे खऱ्या कार्डावरचं काळं अक्षर भिंगाखाली भरीव आणि काठाला स्वच्छ दिसतं.

नक्कल बहुतेक वेळा खऱ्या कार्डाचा स्कॅन घेऊन केलेली असते. स्कॅनला मजकूर काय आणि चित्र काय, दोन्ही सारखंच. छापताना अक्षरंही ठिपक्यांत मोडतात: काळ्या अक्षरात निळे, गुलाबी, पिवळे कण दिसतात, काठ फाटल्यासारखे होतात. मूळ कार्डावरचे ठिपके आणि नव्या छपाईचे ठिपके एकमेकांवर चढून पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षीही कधीकधी उमटते. खरं कॉमन कार्ड आणि बाजारात उघडपणे मिळणारं स्वस्त पुनर्मुद्रण शेजारी ठेवून दोन्हीवरचं एकच अक्षर आळीपाळीने पाहा. फरक कळायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

१९८६ चा फ्लीअर कंपनीचा जॉर्डन, १३२ कार्डांच्या सेटमधलं ५७ क्रमांकाचं कार्ड, हे सर्वांत जास्त नकला झालेल्या कार्डांपैकी एक. त्याच्या नकलांमध्ये वरच्या फ्लीअर बोधचिन्हाची बारीक अक्षरं पसरलेली, धूसर असतात. विक्रेत्याकडे तेवढ्याच भागाचा जवळून फोटो मागा. फोकस नसलेला फोटो आला तर पुन्हा मागा.

कडांचंही तसंच. कॅनडाच्या ओ-पी-ची कंपनीच्या १९७९ च्या ग्रेट्झकी कार्डाच्या कडा मुळातच खडबडीत, तंतू निघालेल्या असतात, कारण त्यांची कापणीच तशी होती. नवख्याला ती खराबी वाटते. उलट त्या कार्डाची कड ब्लेडने कापल्यासारखी गुळगुळीत दिसली तर अधिक काळजी करावी.

५. खरं कार्ड, पण हात लावलेलं

कोपरे झिजले की कड अर्धा मिलिमीटर कापायची, कोपरे पुन्हा टोकदार. काळ्या किंवा रंगीत किनारीवर पांढरं दिसायला लागलं की मार्करने भरायचं. डाग घालवायला रसायन, घड्या घालवायला दाब. कार्ड अस्सल राहतं, पण बाजारात त्याची किंमत पडते आणि हे न सांगता विकणं म्हणजे फसवणूकच.

कापलेलं कार्ड ओळखायला माप घ्या. कारखान्यातल्या कापणीतही थोडा फरक असायचा, त्यामुळे केसभर कमी भरल्याने लगेच आरोप करू नका. माप कमी, कोपरे अतिशय टोकदार आणि पृष्ठभाग मात्र झिजलेला, असा मेळ दिसला तर संशय रास्त. सत्तर-ऐंशी वर्षांच्या कार्डावर सगळीकडे वय दिसतं आणि फक्त एका कडेवर दिसत नाही, असं सहसा होत नाही.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे टी २०६ मधलं बेसबॉलपटू होनस वॅगनरचं कार्ड. पीएसए या ग्रेडिंग कंपनीने १९९१ मध्ये प्रमाणित केलेलं हे पहिलं कार्ड, ग्रेड दहापैकी ८. त्याच वर्षी वेन ग्रेट्झकी आणि त्यांच्या हॉकी संघाचे तेव्हाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी मिळून ते ४,५१,००० डॉलरना घेतलं आणि २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरना विकलं गेलं. लिलाव व्यावसायिक बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात, आपण या कार्डाच्या कडा कापल्या होत्या अशी कबुली दिली. लिलावात खोट्या बोली लावून किंमत चढवल्याचाही त्यांच्यावरच्या खटल्यात समावेश होता. २०१५ मध्ये त्यांना वीस महिन्यांची शिक्षा झाली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कार्डाच्या बाबतीत हे होऊ शकलं, म्हणून ग्रेडचा आकडा पाहून माप घ्यायचं सोडू नका.

६. स्लॅब दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका

पीएसए, एसजीसी, बेकेट या मुख्य ग्रेडिंग कंपन्या. त्यांच्या प्लास्टिक डबीला स्लॅब म्हणतात. नवख्यांनी महाग कार्ड स्लॅबमधलंच घ्यावं, हे माझं मत आहे. पण डबीही खोटी असते.

कंपनीच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्र क्रमांक टाकून पाहा. तिथे दिसणारं कार्ड, वर्ष आणि ग्रेड लेबलशी जुळायला हवं. इथेच बरेच जण थांबतात आणि फसतात, कारण बनावट लेबलवर खऱ्या कार्डाचा खरा क्रमांक छापता येतो. म्हणून पुढची पायरी: अलीकडच्या बऱ्याच प्रमाणपत्रांबरोबर कंपनीने काढलेला फोटोही असतो. तो आणि विक्रेत्याचा फोटो शेजारी ठेवा. चारही किनारींची रुंदी, छपाईतले ठिपके, कोपऱ्यांचा आकार जुळवा. फोटो नसेल तर तोच क्रमांक जुन्या लिलावांत शोधा.

मग डबीच्या कडा पाहा. उघडून पुन्हा चिकटवलेल्या डबीच्या जोडावर पांढुरकी धूसरता, ओरखडे किंवा गोंदाचे थेंब दिसतात. लेबलवरचा टाइप, बारकोड, होलोग्राम हे त्याच काळातल्या खऱ्या स्लॅबशी ताडा; कंपन्या लेबलं बदलत आल्या आहेत, तेव्हा आजच्या लेबलशी वीस वर्षांपूर्वीच्या लेबलची तुलना करू नका.

पॉप्युलेशन रिपोर्ट, म्हणजे कोणत्या ग्रेडची किती कार्डं प्रमाणित झाली याची कंपनीची यादी, अवश्य बघा. १९५२ च्या मँटलला पीएसए १० फक्त तीन कार्डांना मिळालाय. चौथं कुणी गुपचूप स्वस्तात विकत असेल तर पुढे तपासायची गरजच नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये याच मँटलचं एसजीसी ९.५ ग्रेडचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. त्या तोडीची कार्डं कुठे आहेत हे या क्षेत्रातल्या लोकांना ठाऊक असतं.

कधी न ऐकलेल्या कंपनीच्या स्लॅबमध्ये १० ग्रेड दिसला तर ते कार्ड बिनस्लॅबचं आहे असं धरूनच किंमत करा.

७. भाव विकल्या गेलेल्या मालाचा बघा

मागितलेली किंमत कुणीही काहीही लिहितं. ईबेवर ‘सोल्ड’ हा फिल्टर लावून तेच कार्ड, त्याच ग्रेडमध्ये नुकतंच कितीला गेलं ते पाहा. तडजोडीने ठरलेली खरी किंमत दाखवणारी १३०पॉइंटसारखी संकेतस्थळंही आहेत. भाव बाजारापेक्षा बराच खाली असेल तर त्याला कारण असतं. लिलावात एकाच विक्रेत्याच्या मालावर तेच एक-दोन खातेधारक सतत बोली चढवून शेवटी माघार घेताना दिसले, तर तिथे बोली लावू नका.

८. विक्रेत्याची पाटी वाचा

नुसती टक्केवारी पाहू नका. शंभर चांगले अभिप्राय मोबाइल कव्हर विकून मिळालेले असतील तर कार्डांच्या बाबतीत त्यांचा उपयोग नाही. वर्षानुवर्षं बंद असलेलं खातं अचानक जागं होऊन महाग कार्डं विकू लागलं, तर ते खातं चोरीला गेलेलं असण्याची शक्यता असते.

सुरुवातीला दोन गोष्टींपासून लांबच राहा: सही केलेली कार्डं आणि सीलबंद जुनी पाकिटं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये खोट्या सह्यांची मोठी टोळी पकडली, तिच्या मालात मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलसुद्धा होता, सोबत अस्सलपणाचं प्रमाणपत्र. सहीसोबतच्या छापील कागदाला स्वतःचं असं मोल नसतं. सीलबंद पाकिटं तर उघडल्याशिवाय तपासताच येत नाहीत, आणि पाकीट पुन्हा बंद करणं अवघड नाही.

९. पैसे देताना

मंचाबाहेर व्यवहार करू नका. ‘ईबेचं कमिशन वाचवू, थेट पाठवा’ हे ऐकलं की तुमचं संरक्षण गेलं. पेपालवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने पाठवलेल्या पैशांना खरेदीदार संरक्षण नाही; ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’च वापरा आणि त्याचं जादा शुल्क लागलं तर सोसा. गिफ्ट कार्ड, क्रिप्टो, थेट बँक ट्रान्सफर ही नावं काढणाऱ्या अनोळखी विक्रेत्याशी बोलणंच थांबवा. क्रेडिट कार्डाने दिलेत तर बँकेकडे दाद मागायचा आणखी एक रस्ता उरतो.

पैसे देण्याआधी जाहिरातीचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, वर्णनासकट. नंतर ती बदलली किंवा काढली जाऊ शकते. मुदतीही आधी वाचून ठेवा: ईबेची मनी बॅक गॅरंटी साधारणपणे माल पोचल्यापासून तीस दिवस, पेपालवर वाद नोंदवायला पैसे दिल्यापासून १८० दिवस.

१०. पार्सल आल्यावर

पाकिटावरचा पत्ता आणि ट्रॅकिंग क्रमांक दिसेल अशा रीतीने व्हिडिओ सुरू करा आणि न थांबवता कार्ड बाहेर येईपर्यंत चालू ठेवा. कार्ड त्याच दिवशी तपासा. बिनस्लॅबचं असेल तर माप, भिंग आणि मग अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं साधारण १९५० च्या सुमारास वापरात आली, त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं कार्ड निळसर-पांढरं झगमगलं तर कागद नवा आहे. झगमगलं नाही म्हणून ते खरंच, असा अर्थ मात्र होत नाही. जुना कागद मिळवणारे आणि चहाच्या पाण्याने कार्ड पिवळं करणारेही आहेत. शेवटी साधा टॉर्च कार्डामागे धरून किती उजेड आरपार येतो ते कॉमन कार्डाशी ताडा.

स्लॅबची शंका आली तर तो फोडू नका. फोडलेल्या स्लॅबवर तक्रार टिकत नाही. ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाखाली मंचावरच तक्रार नोंदवा आणि फाइलमधले फोटो जोडा.

एक वेगळा डाव म्हणजे ट्रॅकिंग ‘पोचलं’ दाखवतं, पण तुमच्या हाती काहीच नाही. विक्रेत्याने त्याच शहरातल्या भलत्याच पत्त्यावर रिकामं पाकीट पाठवलेलं असतं. अशा वेळी कुरिअर किंवा टपाल कार्यालयाकडून, हे पार्सल तुमच्या पत्त्यावर नव्हतं असं लेखी घ्या आणि तक्रारीला जोडा.

आणि ‘आधी तक्रार मागे घ्या, मग लगेच पैसे परत करतो’ असा निरोप आला तर पैसे खात्यात जमा होईपर्यंत तक्रार चालूच ठेवा. पेपालवर एकदा बंद केलेला वाद पुन्हा उघडता येत नाही.